रोशग्रीजचा उलटा पाव

२ ऑक्टोबर

आलो एकदाचे. नांतमधलं भाड्याचं घर आणि तांगीची बंद पडलेली फॅक्टरी मागं टाकून थेट रोशग्रीजला. तिन्ही बाजूंनी नदी, चौथीकडे डोंगर, बाहेर पडायला एकच पूल. तांगी म्हणाला, आता तुला माझ्यावर रुसून माहेरी जायचं तरी याच रस्त्यानं जावं लागेल. छपरं, अंगणं, कुंपणं, कबरी, सगळं पाटीच्या काळ्या दगडाचं. या दगडाची खाण होती तोवर गाव गजबजलेलं होतं म्हणे. ती बंद पडली, मग रेल्वे गेली, खाटीक गेला, शेवटी बेकरीवालाही गेला. उरल्या मेंढ्या, लाकूडतोड आणि पेन्शनीतली म्हातारी माणसं. ती बेकरी आता आम्ही चालवायची. चौकात सगळं गाव आमची वाट बघत होतं. मेयरबाई मादाम बेर्तोले यांनी गालाला गाल लावून स्वागत केलं आणि म्हणाल्या, तुम्ही टिकलात तर गाव टिकेल. मला फार बरं वाटलं.

५ ऑक्टोबर

लाकडाची भट्टी जुनी, पण झकास तापते. सकाळीच पाव संपत आले. फिर्मां नावाचे म्हातारे आजोबा आले, एक गोल पाव विकत घेऊन तो खिडकीजवळच्या दगडी फळीवर उलटा ठेवला आणि काठी टेकत निघून गेले. मी लगेच सुलटा केला. आमच्याकडे पाव उलटा ठेवला की आजीचा फटका बसायचा. उलटा पाव जल्लादासाठी वेगळा काढलेला, घरावर अवदसा आणतो. कुणाही बाईनं हेच केलं असतं. दुपारी तोच पाव आमच्या टेबलावर घेतला. वाया का घालवायचा?

१२ ऑक्टोबर

फिर्मां रोज उलटा ठेवतात, ते गेले की मी रोज सुलटा करते. तांगी म्हणतो, तुम्हा दोघांचा खेळ छान चाललाय, हरणाऱ्यानं भांडी घासायची. आज तो पाव कापला तर आत गर नाहीच. वरचं कवच खरपूस आणि पोटात पोकळ. माझ्या मळण्यावर तांगीनं यथेच्छ तोंडसुख घेतलं. स्वयंपाकघरात ओल्या दगडाचा वास येतो. खुर्च्यांच्या बैठकाही ओल्या होत्या, छत गळतं की काय, पाहायला हवं.

१९ ऑक्टोबर

तांगीनं सूप, डुकराचं मांस, अर्धा पाव, चीज, सगळं फस्त केलं आणि तरी भूक आहे म्हणाला. मी हसले. मग त्यानं पट्ट्याला नवं भोक पाडलं तेव्हा हसू आवरलं. समोर बसून जेवतो, पण अंगी लागत नाही. जणू त्याच्या ताटातलं कुणी दुसरंच खातंय.

२६ ऑक्टोबर

शहरातल्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. आज जमिनीवर पीठ सांडलं होतं. दोघंही त्यावरून चाललो. माझी पावलं उमटली, त्याची जेमतेम. मी कोठीत जाऊन रडले. तो बाहेरून विचारत राहिला, कांदा कापतेयस का.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत गेले आणि तिथून खाणीच्या बुजवलेल्या तोंडाशी. प्रत्येकानं तिथे पाव ठेवला. उलटा. मी फिर्मांना सगळं सांगितलं.

ते म्हणाले, “पोरी, हे काय करून बसलीस गं.” मग हळूहळू सांगत गेले. नदी खाणीत शिरली त्या सकाळी पाव अजून खाली पोचायचा होता. त्यांचे वडील आणि बाकीचे खाणकामगार उपाशीच राहिले, वर आलेच नाहीत. पाव उलटा ठेवला की त्याचा अर्थ, हा तुमचा, तिथंच खा. सुलटा ठेवला की, या, आमच्यात बसा. आणि एकदा बसले की ज्याच्या ताटात जेवले त्याला घेऊनच उठतात.

मला कुणी का सांगितलं नाही, म्हणून मी मेयरबाईंना विचारलं. सांगितलं असतं तर तुम्ही राहिला असतात का, असं म्हणून त्या रडायला लागल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाच नाही.

४ नोव्हेंबर

गाडी भरली. पुलापर्यंत गेलो. तांगी कळवळून ओरडला, मागे घे, मागे घे. पूल ओलांडला असता तर माझ्याशेजारी नुसता कोट उरला असता — मला दिसत होतं. घरी आल्यावर शांत झाला. म्हणाला, खाणीतल्या त्या माणसांशी बोलायला कुणी नाही गं, आर्मेल.

पाव आता उलटाच ठेवते. काही उपयोग नाही.

७ नोव्हेंबर

तांगी नाही.

अंथरुणात कपडे. ओले. उशीवर काळी भुकटी —

सकाळी फिर्मां आले. फळीवर आज दोन पाव उलटे ठेवले. दुसरा तांगीचा. मेयरबाईंनी हात धरला, खूप वेळ धरला, आणि मग चाचरत विचारलं — उद्या पाव मिळेल का.

९ नोव्हेंबर

मी मिळेल म्हणाले. भट्टी पेटवली. त्याच्या वाटणीचा पाव फळीवर नाही ठेवला. आमच्या टेबलावर ठेवला. सुलटा. माझं चुकत असेल. चुकू दे.

भर दुपार. बाहेर ऊन आहे. ओल्या दगडाचा वास —

खुर्ची सरकली.

तो खातोय. इतका भुकेला मी त्याला कधीच — माझं ताट पुढं सरकवलं. म्हटलं, दोघांना पुरेल.

बाकीच्या खुर्च्याही सरकतायत. तो म्हणतो, आर्मेल, त्यांनाही वाढ, फार दिवसांचे उपाशी आहेत. वाढते. पेन जड लागतंय. हात दिसतोय, पण त्याच्यातून खालचा कागदही — तांगी, अरे थांब, माझा हात धर, मी पण —