बदकापुढची मोकळी जागा

बाबा,

इथे परदेशात, कॅरी गावातल्या या खोलीत, माझ्या टेबलावर, इजिप्तच्या वाळवंटातला एक खडक आहे. म्हणजे त्याचं रेखाटन. गेल्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या तुकडीबरोबर मी तिथे गेले होते. हजारो वर्षांपूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिथल्या कड्यावर आपली नावं कोरून ठेवली आहेत. सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हाच त्या रेषा उठून दिसतात. मग खडकावर पारदर्शक प्लास्टिक लावायचं आणि दिसेल तेवढंच गिरवायचं. मी ज्यांच्याकडे राहते त्या काकूंनी परतल्यावर विचारलं, "म्हणजे इतकं शिकून शेवटी गिरवणंच नशिबी आलं का गं?" उत्तर मला नेहमी उशिरा सुचतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आठवीतली जास्वंद आठवते का? वर्गात तुम्ही सर होता, घरी बाबा. पण अहो-जाहो मला घरीही सोडता आलं नाही. माझ्या वाट्याच्या फुलाची एक पाकळी किडीने खाल्लेली होती आणि मी पुस्तकातल्यासारखी पाचही पाकळ्यांची सुबक आकृती काढली. तुम्ही वही हातात घेता, फुलाकडे पाहता आणि सगळ्या वर्गासमोर, आवाज न चढवता म्हणता, "हे तुला पाठ आहे. दिसलं काय, ते काढ." पहिल्या नंबरच्या मुलीला तो अपमान पुष्कळ दिवस पुरला. संध्याकाळी स्वयंपाकघरात माझ्या ताटाशेजारी तुम्ही टोक काढलेली नवी पेन्सिल ठेवलीत.

या खडकावर एका लेखनिकाचं नाव आहे. नावानंतर बदक कोरलं आहे. त्या लिपीत त्याचा अर्थ ‘याचा मुलगा’. पुढे वडिलांचं नाव असायला हवं, पण तिथला टवका उडाला आहे. शेजारच्या दरीत याच नावाचा एक माणूस वडिलांच्या नावासकट सापडतो. परवाच्या बैठकीत आमच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, हा तोच असणार, नाव भरून टाक, छापायला द्यायचं आहे. पण लेखनिकाचं नाव त्या काळी सर्रास ठेवलं जाणारं. हा दुसराच कुणी असला तर त्याच्या माथी कायमचा परका बाप बसेल, कारण खडक झिजून गेल्यावर माझी आकृतीच पुरावा ठरणार आहे. बैठकीत मी सहसा बोलत नाही. या वेळी बोलले, फार हळू: "मला तिथे काही दिसलं नाही." बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं. मग त्या फोटो मोठा करून बराच वेळ पाहत राहिल्या. "ओके," त्या म्हणाल्या, "ब्लँक ठेव."

जागा मोकळी राहिली. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून उरलेलं सांगते. मेल्यानंतरही वाटसरूंनी आपलं नाव मोठ्याने उच्चारावं, म्हणजे आपण जगत राहू, अशी ती नावं कोरणाऱ्यांची इच्छा असे. त्या हिवाळ्यात कड्यापाशी असताना, तुकडीतले बाकीचे सावलीत पाणी प्यायला गेले होते, तेव्हा मी त्या लेखनिकाचं नाव उच्चारलं. बदकापर्यंत आले आणि मला थांबता आलं नाही. मोकळ्या जागी मी तुमचं नाव घेतलं. प्लास्टिकवर त्याची खूण नाही.