गुणाजीचा रजेचा अर्ज

२ फेब्रुवारी १९५६, गुरुवार. सकाळी ११.

या वहीची माफी मागतो. पंधरा जानेवारीनंतर एक अक्षर लिहिलेलं नाही. सबब सांगण्यासारखी नाही. शाई होती, वेळ होता, विमा कंपनीच्या नोकरीतून रजा घेऊन घरीच पडून आहे. पण ज्या हातानं दार बंद केलं त्याच हातानं लिहायचं कसं, असा प्रश्न होता. खरं तर त्याआधी टाक सापडत नव्हता. प्रामाणिकपणे नोंदवतो.

सतरा जानेवारीची हकीकत एकदा लिहून टाकतो. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं आदल्या दिवशी रेडिओवर सांगितलं आणि लालबाग पेटलं. रस्त्यावर पिंपं आडवी टाकलेली, दगड, अश्रुधूर, मग गोळीबार. गोळीचा आवाज ओली सतरंजी झटकल्यासारखा येतो. आमच्या चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी मी. पोलीस गल्लीत शिरले तर खालचा मोठा दरवाजा बंद करायचा, हा ठराव माझ्याच अक्षरात आहे. मी धावत खाली गेलो, कुलूप लावलं, खट् आवाज झाला. दुसऱ्या मजल्यावर आपल्या खोलीत येऊन किल्ली मुठीत धरून पलंगाखाली बसलो. मग खालून धडाधड आवाज येऊ लागला. बराच वेळ येत होता. मी उतरलो नाही.

अर्ध्या तासानं तिसऱ्या मजल्यावरच्या गुणाजीला चौघांनी उचलून हॉस्पिटलात नेलं. पोटरीतून गोळी आरपार. जिन्याच्या पहिल्या पायरीवर रक्त साकळलं होतं, ते त्याच्या बायकोनं, मीराबाईंनी, राख टाकून घासलं. दार कुणी फोडलं, त्याला आत कसं घेतलं, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही. तेव्हापासून त्या दारातून जाताना मी मान फिरवतो.

निश्चय. पहाटे पाचला उठणे. थंड पाण्यानं आंघोळ. दाढी. रविवारी, बारा तारखेला, चाळीच्या मीटिंगमध्ये कबुलीजबाब वाचून राजीनामा देणे. मग जे होईल ते. मारतील बहुधा.

मीराबाई आत्ताच येऊन गेल्या. गुणाजी गिरणीत बदलीवर लागतो, कायम नाही. डॉक्टरच्या सर्टिफिकेटासह अर्ज पंधरा तारखेपर्यंत टाइम ऑफिसात पोचला नाही तर नाव कमी होणार, आणि पुन्हा लागायला वर्ष जाईल. म्हणाल्या, "सेक्रेटरीनू, तुमी बीए झालास. चार वळी विंग्लिशीत लिवन देवा." सर्टिफिकेट माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. मी म्हटलं, आजच देतो.

३ फेब्रुवारी, शुक्रवार.

उठलो ९.४०. पाणी गेलेलं, त्यामुळे आंघोळ नाही. दाढीला बसलो. आरशात जो दिसला त्याचा गळा दाबावासा वाटला. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. अर्धी दाढी झाल्यावर विचार आला की रक्त बघून मला बरं वाटतंय, हे बरं की वाईट? उरलेली अर्धी तशीच.

अर्जाला सुरुवात केली. गुणाजी कामावर का येऊ शकत नाही, हे लिहिताना खरं कारण टाळणं अप्रामाणिक होईल. तेव्हा पहिला परिच्छेद माझ्याविषयी.

५ फेब्रुवारी, रविवार.

अर्ज पाच पानं. कबुलीजबाब सात. दोन्हींतला मजकूर थोडा एकमेकांत गेला आहे.

माझी बायको सुमती म्हणाली, "अहो, तुमच्या पापाला दोन वेळचं जेवण आणि तीन वेळचा चहा लागतो, एवढंच मला दिसतं." शिवाय चार महिने जिन्यातला बल्ब गेलाय, तो बदलणं सेक्रेटरीचं काम, लोक तिला विचारतात. मी म्हटलं, एका माणसाचं रक्त सांडलं असताना तू बल्बचं काय बोलतेस. तिनं उलथणं भिंतीवर फेकून मारलं. माझ्या कानाजवळून गेलं. चुकलं याचं मला वाईट वाटलं.

६ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ४.

असह्य होऊन भिंतीवर डोकं आपटलं. तीन वेळा. पलीकडे जगदीश राहतो, परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर आहे. त्यानं पलीकडून ठोकलं आणि ओरडून विचारलं, "श्यामकांतराव, खिळा मारताय काय? मारताच आहात तर जरा वर मारा, आमच्या बाजूला आरपार आला तर कॅलेंडर अडकवीन."

चौथ्यांदा आपटलं नाही.

मीराबाई आल्या होत्या. सांगितलं, फेअर करतोय.

८ फेब्रुवारी, बुधवार.

आज मार खाल्ला. क्रमानं लिहितो.

कबुलीजबाबात तपशील अचूक हवा म्हणून सकाळी नाक्यावर गेलो. इराण्याच्या हॉटेलशेजारच्या भिंतीवर गोळ्यांची भोकं आहेत, ती मोजून वहीत टिपत होतो. जमिनीपासूनची उंचीही घेतली. अकराव्या भोकापाशी मागून कुणीतरी विचारलं, काय लिवतोस? मी उत्तराचा विचार करू लागलो, कारण थोडक्यात सांगता येण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात दुसरा म्हणाला, शीआयडी आहे, नावं टिपतोय. पहिली थप्पड डाव्या कानाखाली बसली. चष्मा उडाला. मग पाठीत बुक्के, कमरेत लाथ, कुणीतरी वहाण काढली. तोंडात रक्ताची चव आली. मी खाली पडलो आणि मनाशी म्हटलं, मिळतंय ते योग्यच आहे. मग लक्षात आलं की चुकीच्या गुन्ह्यासाठी मिळतंय. म्हणून ओरडून सांगितलं, त्यासाठी नाही हो, दुसऱ्या कारणासाठी मारा. त्यानं ते जास्त चिडले. बरगडीवर लाथ बसली ती त्यानंतरची.

सोडवलं गुणाजीनं. ड्रेसिंग करून कुबडीवर येत होता. कुबडी फिरवत घुसला आणि ओरडला, "सोडा रे तेका. ह्येका शीआयडीत कोण घेतलो? ह्येका जिन्यातलो बल्ब बदलूक जमना नाय."

लोक हसले आणि पांगले. ज्यानं वहाण मारली त्यानंच चष्मा उचलून दिला. एक काच फुटली आहे. गुणाजीनं मला हाताला धरून चाळीत आणलं. त्याच्या पायातून पुन्हा रक्त येत होतं. मी त्याला काही बोललो नाही. रविवारी सगळं एकदमच बोलेन.

जिन्यात पायरी न दिसल्यामुळे गुडघाही फुटला.

११ फेब्रुवारी, शनिवार.

अर्ज पूर्ण. अकरा पानं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत प्रामाणिक लिखाण. एका काचेतून लिहिल्यामुळे ओळी उजवीकडे चढल्या आहेत.

उद्या बहुधा रक्तपात होईल. सुमतीला सांगितलं, मला काही झालं तर माहीमला भावाकडे जा. ती म्हणाली, तसंही मंगळवारी जाणार आहे, पापड घालायचे आहेत.

१२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५.

काय लिहू.

मीटिंग खालच्या बोळात. तीसेक माणसं, अर्धी पायऱ्यांवर. मी उभा राहून कबुलीजबाब वाचला. दुसऱ्या पानाला जगदीशनं जांभई दिली. चौथ्या पानाला, जिथे मी स्वतःला खुनी म्हणतो तिथे, गुणाजीनं कुबडी जमिनीवर आपटली आणि विचारलं, "खयचा कुलूप?"

मी म्हटलं, या दाराचं. तुला बाहेर ठेवून मी लावलेलं.

गुणाजी म्हणाला, "ता? ता दिवाळेपासून मोडलेला आसा. खट् करता आणि ओढला की उघडता. माका गोळी नाक्यार लागली. रांगत इलंय, एक धडक दिली, दार उघडला. ता कुलूप चांगला असता तर मी भायरच मेलंय असतंय."

मग ते धडाधड? जगदीश म्हणाला, पोलीस शेजारच्या दुकानाच्या फळ्यांवर लाठ्या मारत होते. नवं कुलूप आणा म्हणून कमिटीनं तुम्हांला नोव्हेंबरात सांगितलं होतं, श्यामकांतराव, प्रोसीडिंगमध्ये बघा. मी बघितलं. माझंच अक्षर.

म्हणजे मी माझं कर्तव्य केलं असतं तर माणूस मेला असता. आळस केला म्हणून वाचला. चार आठवडे मी ज्यासाठी मरत होतो ते मी केलंच नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर कुणीतरी काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं.

मग मीराबाईंनी अर्ज मागितला. मी अकरा पानं दिली. त्यांनी ती जगदीशला दाखवली. त्यानं पहिलं पान वाचून सांगितलं, यात गुणाजीचं नाव अजून आलेलं नाही. मीराबाईंनी पानांची गुंडाळी केली आणि माझ्या तोंडावर मारली. एकदा इकडून, एकदा तिकडून. म्हणाल्या, "अकरा पानां कोण वाचतलो? माका एक कागद होयो होतो. दहा दिस तुमच्या दारात येतंय मी." कुणी म्हणालं बाईमाणसानं हात उचलू नये, जगदीशनं त्याची कॉलर धरली, बाक उलटलं, एकाचं नाक फुटलं. गुणाजी मात्र पायरीवर बसून राहिला. पायाकडे बघत होता.

राजीनामा कुणी मागितला नाही. द्यायचा राहून गेला.

१३ फेब्रुवारी, सोमवार.

दिवसभर पलंगावर. आज पलंगाचं कारण सापडत नव्हतं, म्हणून तिथे पडणंही जमेना. परवा शेवटची तारीख.

१४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८.

माहीमला निघण्याआधी सुमतीनं एक कागद टेबलावर ठेवला. वीस जानेवारीला मी माझ्या ऑफिसला पाठवलेल्या रजेच्या अर्जाची नक्कल. तीन ओळी आणि सही. ती म्हणाली, "हा लिहिलात तेव्हाही तुम्ही पापीच होतात ना? पाच मिनिटांत लिहिलात." आणि पिशवी उचलून गेली.

नाव बदललं. आजार बदलला. तारखा घातल्या. चौथी ओळ लिहावीशी वाटली, सत्यासाठी. टाक खाली ठेवला.

वर जाऊन गुणाजीची सही घेतली. सही करताना तो म्हणाला, एवढाच?

१५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७.

सातला उठलो. पाणी अर्धी बादली मिळालं. पूर्ण दाढी केली.

डिलाईल रोडवरून गिरणीत गेलो. टाइम ऑफिसच्या खिडकीत पाऊण तास उभा होतो. क्लार्क विचारेल, तुमचा या माणसाशी संबंध काय, असं वाटत होतं. उत्तर तयार होतं, बऱ्यापैकी लांब. त्यानं अर्ज आणि सर्टिफिकेट घेतलं, शिक्का मारला, टेबलावरच्या खिळ्यावर खोचलं. मी विचारलं, नाव राहील ना? तो म्हणाला, "राहील. सरका." माझ्याकडे बघितलंही नाही.

परत येताना दरवाजापाशी थांबलो. जवळजवळ महिन्यानं त्या कुलपाकडे नीट बघितलं. खट् केलं. ओढलं. उघडलं.

गुणाजी ड्रेसिंग करून येत होता. सांगितलं, नाव राहिलं. तो म्हणाला, "बरा झाला." जिन्यात अंधार होता. तो एकेक पायरी कुबडीनं चाचपत चढत होता, मी मागून कमरेला हात लावून. पहिल्या वळणावर त्याचा पाय चुकला आणि त्यानं मला एक सणसणीत शिवी दिली. रास्त होती. तिच्यात मी खुनी वगैरे काही नव्हतो.

उद्या: जिन्यात बल्ब.