गिरवलेले हात

६ नोव्हेंबर १९७२, सोमवार

आले बाई एकदाची भिंगारला. एष्टीत एक पैलवान पाय पसरून बसलेला. जरा सर म्हनलं तर ऐकंना. मंग मी त्याच्या डोळ्यांत बघून इचारलं, काविळीचं औषद चालू हाय का. बिचारा उठूनच उभा राह्यला. मी खिडकीशी बसले.

काम एस्तेरबाई भिंगारदिव्यांकडं. शाळंत गानं शिकवायच्या, आता घरी एकट्या. कॅम्पाच्या कडंला कौलारू घर हाय. वातानं त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यावानी वाकडी झाल्यात, म्हनून भाकरी करायला बाई पायजे हुती.

मिरजगावला दिरानं, बन्सीभावजीनं, लई आदळआपट केली. नवरा गेल्यापसून त्या घरात माजे दोन हात तेवढे कामाचे, बाकीची मी अडगळ. आता हेच हात हितं पगार घेत्यात. हात धड हायेत तवर मी कुनाची मिंधी न्हाई.

९ नोव्हेंबर

बैठकीत पियानो हाय. काळा, बसलेल्या म्हशीवानी, दात मातर पिवळे. बाईंना इचारलं, हिला पेंड घालता का सरकी. बाई पोट धरून हसल्या. पुसता पुसता एक पट्टी दाबली, तर चरवीत दुधाची पहिली धार पडावी तसा आवाज आला. मला काय झालं कुनाला ठावं, म्हनलं मलाबी शिकवा. त्यांनी वय इचारलं. म्हनलं, लगीन जमवायचं न्हाई, वाजवायचं हाय.

१५ नोव्हेंबर

बोटं ऐकत न्हाईत. करंगळीचं काम आलं की अंगठाच पुढारी हून पुढं जातो. बाई लांब खुर्चीवर बसून तोंडानं सांगत्यात, हात म्हनून लावीत न्हाईत. शेवटी मी वैतागले. म्हनलं, आमच्या साळंत गुरुजी हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यायचे, तसं घ्या की.

बाईंनी आपल्या वाकड्या बोटांकडं बघितलं. मंग म्हनल्या, "तू स्वतःहून मागतेस ना, गोजर?"

म्हनलं, व्हय, मागते, काय सोनं मागितलं का.

तवा उठून मागं आल्या आनि माज्या हातांवर हात ठेवले. गार, हिरीतनं काढलेल्या कळशीवानी.

२० नोव्हेंबर

येतंय की! शिकवलेलं येतं, न शिकवलेलंबी येतं. बोटं पुढं पळत्यात आनि मी मागनं बघत बसते.

शेजारची सरवरी कुंपनाशी आली. म्हनली, एस्तेरबाई लई दिसांनी वाजवाया लागल्या. मी म्हनलं, अगं मी हाय ती. तिला पटंना. म्हनली, ल्हानपनापसून ऐकतीय, हात त्यांचाच हाय. मी तिच्या कानांची चेष्टा केली. पर घरात आल्यावर चहा गोड लागंना.

२५ नोव्हेंबर

भाकर फाटली. पीठ ताजं, पानी आधनाचं, तरी काठ चिरला. दुसरीबी तशीच. हात परातीत गोल फिरंना, बोटं पिठावर टकटक करत बसली, पट्ट्यांवर करत्यात तशी.

बाई आल्या, सर म्हनल्या, आनि थापली. पातळ, काठाला चीर न्हाई. तव्यावर टाकताना मनगटाला हिसका दिला. तो हिसका माजा हाय. आईनं शिकवलेला. बाईंनी जन्मात चूल फुकली न्हाई.

आनि त्यांची बोटं — सरळ.

२७ नोव्हेंबर

इचारलं. बाईंनी परातीतनं मान वर केली न्हाई.

"मी कधी कुणाला आपणहून हात लावला नाही. तू मागितलंस."

म्हनलं, मंग आता परत मागते. माजे हात मला द्या. त्यावर म्हनल्या, हाताला लागलेलं वळण पुसता येत नाही. आनि दोन्ही हात पदराखाली घेतले. आता माज्या हातांना शिवत न्हाईत.

३० नोव्हेंबर

बन्सीभावजी न्यायला आला. दुष्काळी कामावर खडी फोडायला बाई कमी पडती. त्याला बघून आनंद व्हईल असं कवा वाटलं न्हवतं. गाठोडं बांधून दारात उभी राह्यले.

म्हनला, आधी भाकर टाक. बसले. तीन फाटल्या. तो हसला. मंग माजा हात उलटा करून बघितला. घट्टे गेलेत. बोटं लांब, पांढरी. गाठोडं उचलाया गेले तर पडलं.

"वैनी, हे हात घिऊन मी काय करू?"

बाईंच्या हातच्या दोन भाकरी खाऊन गेला. जाताना म्हनला, अगदी घरच्यावानी झाल्या.

२ डिसेंबर

दिसभर वाजवते. थांब म्हनलं तरी — खांदे मोडून आले. बाई दारात बसून ऐकत्यात, डोळे मिटून. मंग मला घास भरवत्यात. मला माजा घास धरता येत न्हाई — फकस्त पट्ट्या आनि ही पेन्सिल —

अक्षरबी बदललं. तिरकं, बारीक. बाईंचं.

४ डिसेंबर

दारापतूर गेले. सरवरीला हाक मारायची हुती. हातांनीच आतनं कडी लावली. माज्याच हातांनी. मंग तोंडावर आले, घट्ट —

बाई चुलीपाशी. हसत न्हाईत. रागबी न्हाई. कामात हायेत नुस्त्या.

५ डिसेंबर

मी गोजर. मिरजगावची. हे मी लिहितीय —

मी येथे अत्यंत सुखात आहे. मला न्यावयास कोणी येऊ नये.

हे मी न्हाई लिहिलं. हात — मी न्हाई —

गोजर नावाची कोणी बाई या घरात कधी