गाणं थांबतं तिथे

आई,

शनिवारी संध्याकाळी परात पुढे ओढून तू पडद्याआडून विचारायचीस, "थापू का थांबू?" आणि मी पुढच्या खोलीतून ओरडायचे, "थांब गं, लागलंय आता." साताऱ्यातल्या आपल्या त्या दोन खोल्यांमध्ये दार नव्हतं, तुझ्या जुन्या लुगड्याचा पडदा होता. पलीकडे तू चुलीपुढे, अलीकडे मी रेडिओपुढे. माझ्या कॉन्व्हेंटसाठी तू माण तालुक्यातलं घर आणि शेरडं आजीच्या हवाली करून आली होतीस. आबा फौजेत होते. एका सुट्टीत त्यांनी माझ्यासाठी कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणला. शॉर्टवेव्हवरचं एक परदेशी स्टेशन शनिवारी तासभर रॉकची गाणी लावायचं. रेडिओसमोर वाकळेची घडी, घडीवर टेपचा माइक, आणि दोन बटणं एकदम दाबून मी श्वास धरून बसायचे. माइकला रेडिओ काय आणि तुझी परात काय, सारखंच. म्हणून गाणं चालू असेपर्यंत तू भाकरी थापायची नाहीस, गाणं संपलं की थापायची, असा मी नियम केला होता. तू त्यावर एका शब्दाने कुरकुर केली नाहीस.

हे आज लिहायला बसले त्याला कारण आहे. आठ दिवस झाले, मला एका जागी बसवत नाही. सांगलीच्या या घरात स्वयंपाकघरात जाते, काय घ्यायला आले ते विसरते, परत येते, खिडकी उघडते, लावते. मुलगा पुण्याहून आला होता, तेव्हा आपली ती जुनी कॅसेट घेऊन गेला. गाणी फोनवर घालून देतो म्हणाला. दिलीही. वर कौतुकाने सांगितलं, "आई, कॉम्प्युटरवर सगळी खरखर साफ केली. एका गाण्यात मध्येच एक ठोका पडला होता, तोसुद्धा काढला." मी बरं म्हटलं. मग एकटी असताना ते गाणं लावलं, आणि ती जागा आली तेव्हा तिथे काहीच नव्हतं.

तुला खरं सांगू? मला गाणी अशी पुरती कधी आवडलीच नाहीत, त्यांतल्या जागा आवडायच्या. एका गाण्यात गिटार एकटीच वर वर चढत जाते, आता तुटणार असं वाटतं, आणि तिथे सगळे ड्रम एकदम कोसळतात. एकात गाणारा अर्धी ओळ सोडून हसतो. एकात ऑर्गन पहिल्यापासून वाजत असतो, पण बाकीचे थांबेपर्यंत तो आहे हे कळतच नाही. त्या जागेसाठी मी पाच मिनिटांचं गाणं सोसायचे. तू पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा पडद्यातून डोकं काढून विचारलंस, "त्यो गडी रडतुया का भांडतुया?"

"गातोय तो, आई."

"व्हय? मग पानी द्या म्हनावं कुनीतरी त्येला. घसा फाटंल की."

पण दोन-तीन महिन्यांत तुझ्याही जागा ठरल्या. टेप मागे नेऊन मी गाणं पुन्हा लावलं की तू पिठाचे हात तसेच धरून उंबऱ्याशी यायचीस. ड्रम कोसळायच्या आधी बोट वर करायचीस, आणि कोसळले की पिठाने पांढरा झालेला हात माझ्यापुढे धरायचीस. "बघ गं, काटा आला. लय जोरात आली बाय ती." माझ्याही हातावर काटा असायचा. आपण दोघी हात जवळ धरून बघायचो. शाळेत असं हात धरून बघणारं मला कुणी नव्हतं.

आणि मग ते गाणं. रेडिओवर मी ते पहिल्यांदाच ऐकत होते, तूही. साडेतीन मिनिटं नुसता दणका, आणि एकाएकी सगळे गप्प. आपल्याला काय माहीत की दोनच ठोक्यांची ती विश्रांती आहे? तुला वाटलं, संपलं. हातात गोळा तयार, तवा तापलेला. तू एक थाप दिलीस. एकच. आणि त्या थापेच्या पाठोपाठ सगळी वाद्यं पुन्हा अंगावर आली. तू जागच्या जागी थिजलीस, ते मला पडद्याआडूनही कळलं.

गाणं संपल्यावर मी आत आले आणि तुला काय म्हणाले ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. "तुला काही कळतं का गं? गावंढळ ती गावंढळच राहणार." शाळेतल्या मुलींकडून उचललेला शब्द. मला तो त्या म्हणायच्या, मी तो घरी आणून तुला दिला. तू म्हणालीस, "आगं, संपलं वाटलं मला. एवढी वरडत होती आन एकदम गप झाली. मला काय ठावं, दम खाया थांबल्यात." मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी टेप घेऊन वर्गातल्या एका मुलीकडे गेले, टेपसाठी म्हणूनच तिने बोलावलं होतं. डॉक्टरांची मुलगी, मोठा बंगला, आणखी पाच-सहा जणी जमलेल्या. मी ते गाणं लावणार नव्हते. पण टेप पुढे पुढे गेली आणि ते लागलं. वाद्यं गप्प झाली, थाप पडली, वाद्यं पुन्हा आली. मी मान खाली घातली.

"थांब, थांब! मागे घे," ती मुलगी ओरडली. "ते काय होतं?"

"ड्रम," मी म्हणाले.

"हा कसला ड्रम? किती वेगळा आहे!"

"तिकडे असतो एक. हाताने वाजवतात."

त्या दुपारी आम्ही ती जागा किती वेळा ऐकली असेल! शेवटी तर सगळ्या जणी तिथे एकदम मांडीवर थाप मारत होत्या आणि किंचाळत होत्या. तुझ्या थापेवर, आई. शाळेत पुढे वर्षभर कुणी मध्येच बोलायची थांबली की दुसरी बाकावर एक थाप द्यायची. आणि मी, जिला कुणी कधी खेळात घेत नसे, ती एकाएकी टेपवाली म्हणून सगळ्यांना हवीशी झाले.

घरी आले तर तू दारातच उभी. "आवडलं का गं पोरींना? माझा आवाज न्हाई न्हवं आला मधी?"

"नाही. कुणाला कळलंसुद्धा नाही."

"बरं झालं बाय," तू म्हणालीस, आणि तुझा जीव भांड्यात पडला. तो तसा पडलेला मी पाहिला आणि चप्पल काढून आत गेले.

त्यानंतर तू गाणं संपलं तरी हलायची नाहीस. मी येऊन खांद्याला हात लावेपर्यंत ओले हात मांडीवर घेऊन बसून राहायचीस. तव्यावर टाकलेली भाकरीसुद्धा उलटायची नाहीस, बांगड्या वाजतील म्हणून. ती करपायची, आणि करपलेली तू तुझ्या ताटात घ्यायचीस. मला सांगता आलं असतं. खरं म्हणजे मला तुला प्रत्येक गाण्यात एक थाप दे म्हणता आलं असतं. पण मग ती थाप कुठून आली, हे मैत्रिणींनाही सांगावं लागलं असतं.

लग्नानंतर ह्यांनी हौसेने त्या गाण्याची रेकॉर्ड आणली. ती जागा आली, थाप पडलीच नाही, आणि मी चमकून सुई उचलली, रेकॉर्डवर कचरा आहे का पाहिलं. ह्यांना वाटलं, मला गाणं आवडलं नाही. शेवटच्या आजारपणात तू माझ्याकडे इथे होतीस. मी टेप लावली की तू पांघरुणाखाली हात आवरून घ्यायचीस. "आता टेप भरत नाही गं, नुसती ऐकतेय," म्हटलं तरी. आणि ते गाणं जवळ आलं की मी टेप बंद करायचे.

कॅसेट मी कुरिअरने परत मागवून घेतली. पट्टी सैल झाली आहे, फार तर एकदा वाजेल. रोज हातात घेते आणि ठेवून देते. तेव्हा कुणाला काय द्यायचं ते आता ठरवून टाकते. तुझा लोखंडी तवा सुनेला. तिच्याकडे भाकरी विकत येते, तरी तिलाच. टेपरेकॉर्डर मुलाला, दुरुस्त करून घ्यायला. कॅसेट नातीला. ती ड्रम शिकते, दिवसभर उशीवर काठ्या बडवते, तिला ती जागा बरोबर कळेल. तिने ती एकदाच वाजवावी आणि तेव्हा घरात कुणी हलू नये. कॅसेटच्या कागदावर मी गाण्यांपुढे कधी काही लिहिलं नव्हतं. आज त्या एका गाण्यापुढे पेन्सिलीने लिहिलं आहे, "मधली थाप: माझी आई."

हे पत्र पाठवायचं कुठे? तव्यावर ठेवते. आणि एक राहिलं. मुलाने तो ठोका काढला म्हणून सांगितलं, तेव्हा विचारलंही होतं, "कसला होता गं तो?"

मी म्हणाले, "ड्रम असेल."