कावळ्याला दिलेला शब्द आणि म्हातारा प्रोसेसर

अहो विद्याच्या बाबा,

आणि वर तुम्ही सुटलात! जुन्या कॉम्प्युटरात नवं ग्राफिक्स कार्ड कोंबायचं तुम्ही, हट्ट करायचा तुम्ही, आणि पोरीचा राग सोसायचा मी! आठ दिवस झाले, विद्या माझ्याशी बोलत नाही. ताट उचलते नि खोलीत जाते. म्हणून तुमच्या कदेलावर, त्या जुन्या खुर्चीवर बसून लिहितेय. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तसं वाचा.

तिनं तेव्हाच सांगितलं होतं ना? "बाबा, कार्ड नंतर. आधी प्रोसेसर बदला, तो म्हातारा झालाय." तुम्ही काय म्हणालात? "गेम कार्डावर चालतो. तुला काय कळतं गो?" बसवलंत कार्ड. झालं काय? मोकळ्या रानात गेम झकास पळतो, चार माणसं समोर आली की अडकतो. समोरचा दिसायच्या आधी ही मेलेली! चित्र हलकं करून बघितलं, तरी तेच. स्क्रीनवरचे आकडे तिनं मलासुद्धा दाखवले. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर धापा टाकतोय, कार्ड चाळिसावर बसून आहे.

मला कळलं, तुम्हाला कसं नाही कळलं? जन्मभर खाणीवर ट्रक चालवलात. भरणारा लोडर म्हातारा असला की नवा कोरा ट्रकसुद्धा रांगेत उभाच राहतो, हे घरी येऊन कोण बोंबलायचं? तुम्हीच ना! पण पोरगी सांगते म्हटल्यावर कान बंद. त्याच आठवड्यात छातीत कळ आली नि गेलात. "चुकलो गो" म्हणायचं राहिलं ते राहिलंच.

मग दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. धाकटे भावोजी म्हणाले, "वहिनी, दादाचं मन कशात अडकलंय? बोला काहीतरी!" विद्याचं लग्न करीन म्हटलं, नाही. तुमच्या आईला सांभाळीन म्हटलं, नाही. ऊन डोक्यावर, पाय भाजतायत, आणि कावळा माडावर बसून मजा बघतोय. वैतागून ओरडले, "तुम्ही जोडलेल्या कॉम्प्युटरला कोणाला हात लावू देणार नाही, या एकदाचे!"

आलात की हो! सगळ्या आमोणे गावासमोर.

आता तो शब्द माझ्या गळ्यात. विद्यानं नवा प्रोसेसर आणि त्याचा बोर्ड आणून ठेवलाय, मी कॉम्प्युटरचा खोका उघडू देत नाही. येत्या शनिवारी तिची गेमची मॅच. मैत्रिणी म्हणतात, तुझा कॉम्प्युटर असाच अडकणार असेल तर तुझ्या जागी दुसरीला घेतो. "आई, कावळ्याला भूक लागली होती गो!" म्हणाली. मी थोबाडीत दिली. वीस वर्षांच्या पोरीला! तुमच्यापायी! तेव्हापासून ती गप्प.

तर ऐका. शुक्रवारी डिचोलीचा कॉम्प्युटरवाला येतोय. खोका मी माझ्या हातानं उघडून देणार. दोष लागला तर मला लागेल, तिच्या अंगावर येऊ देणार नाही, हे माझं वचन.

पण आईनं शब्द मोडला, असं मला तिला सांगायचं नाही. बाबांनी शब्दातून सोडवलं, तुझंच बरोबर होतं म्हणाले, असं सांगायचंय. ते मी बनवून सांगणार नाही. स्वप्नात या, कसेही या, पण बोला. आणि गुरुवारच्या आत बोला.

तुमचीच,
विद्याची आई