सुतकातला प्राणायाम

नाना,

तुम्ही गेलात तेव्हा मी इंटरच्या वर्गात होतो. त्यानंतर तुम्हाला उद्देशून काही लिहावे असे मला कधी वाटले नाही. आपल्यात बोलणे बेताचेच होते, आणि पत्रांत खुशाली व परीक्षा यांपलीकडे काही नसे. आजही लिहितो आहे ते एका मर्यादित कारणासाठी. तुमची सून, जिला तुम्ही पाहिले नाही, ती गेल्या भाद्रपदात वारली. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती. मी औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे, परंतु आम्ही जे औषध भरतो ते तिच्या आजारावरचे नव्हते. ही तक्रार नव्हे, वस्तुस्थिती आहे.

पिंपरी तुमच्या वेळी रेल्वेच्या खिडकीतून दिसणारे एक खेडे होते. आता माळावर कारखाना उभा आहे, शेजारी आमची वसाहत आहे, आणि पलीकडे सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी आहे. तिथे सुईपासून सतरंजीपर्यंत सर्व मिळते. इंजेक्शनच्या कुप्या ज्या खोलीत भरल्या जातात तिची देखरेख माझ्याकडे आहे. तिथली हवासुद्धा गाळून आत सोडतात. आत जाताना वाफेने निर्जंतुक केलेला झगा, टोपी, आणि तोंडावर चौपदरी कापडाचा मास्क बांधावा लागतो. ही खोली मी पहिल्या दिवसापासून उभी केली. तिच्यासाठीच आम्ही दोघे पुण्यातले बिऱ्हाड मोडून या उजाड माळावर आलो. मी घरी फारसे बोलत नसे. ती म्हणे, ‘‘घरी तरी तो मास्क सोडा की हो.’’

तिचे दिवस झाल्यावर मी कामावर रुजू झालो आणि पहिल्याच पाळीत मास्क बांधून थोडा वेळ होतो न होतो तोच श्वास खाली उतरेना. गळ्यापाशी येई आणि तिथूनच परत जाई, धाप लागे. कुप्या भरणाऱ्या बायकांत मोशीची एक वयस्क बाई आहे. तिने माझ्याकडे पाहिले आणि हातातले काम न थांबवता म्हणाली, ‘‘सायेब, बाहीर जावा. आमी हाय इथं. कुप्या काय पळून न्हाई जात.’’ मी बाहेर गेलो. दुसऱ्या दिवशीही गेलो, आणि मग ते रोजचेच झाले. कारखान्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी पाहिली. ‘‘हृदय माझ्यापेक्षा बरं आहे तुमचं. मनावर ताण आहे, दुसरं काही नाही. योगासनं, दीर्घश्वसन, असलं काही येतं का?’’ मी म्हणालो, ‘‘माझी मुंज झालेली आहे.’’ ते मोठ्याने हसले. ‘‘मग औषध तुमच्याच नाकात आहे की!’’

वरिष्ठांनी बरेच दिवस सांभाळून घेतले. शेवटी बोलावले. ‘‘हे पाहा, तुमचं दुःख मला कळतं. पण ते दार असं सारखं उघडत राहिलं तर ती निर्जंतुक खोली कसली, एसटीचा थांबा झाला. सोमवारी पूर्ण पाळी आत काढा. नाही जमलं तर ऑफिसात टेबल देतो, पगार तोच.’’ त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते. मी तसे म्हणालोही. परंतु ती खोली सुटली तर माझ्याजवळ रिकामा ब्लॉक तेवढा उरणार, हे मला त्यांच्या खुर्चीसमोर उभे असतानाच स्पष्ट दिसले.

म्हणून मी पहाटे आसन टाकून बसू लागलो. संध्या मी कॉलेजात असतानाच सोडली होती, हे तुम्हाला ठाऊक होते आणि तुम्ही त्याबद्दल कधी विचारले नाही. उजवी नाकपुडी अंगठ्याने दाबली, गायत्री मनात म्हणू लागलो, श्वास भरला, रोखला. पण श्वास रोखला की घर ऐकू येई. स्वयंपाकघरात काहीच वाजत नाही, हे ऐकू येई. मग उरलेला मंत्र घाईने संपवून मी उठत असे.

आई गेली त्यानंतरचा एक दिवस मला शनिवारी आठवला. माझी मुंज होऊन वर्षही झालेले नाही. मागच्या पडवीत तुम्ही पूर्वेकडे तोंड करून बसला आहात. तुमच्या उघड्या पाठीवरचे जानवे सावकाश वर येते आणि खाली जाते. मी शेजारी बसून मोठ्याने मंत्र म्हणू लागतो आणि तुम्ही रागावता. ‘‘सुतक आहे. सुतकात प्राणायामाला मंत्र नसतो, एवढंही शिकवलं नाही का तुला?’’ मी विचारतो, ‘‘मग म्हणायचं काय?’’ ‘‘काही नाही. नुसता श्वास.’’ मी हुंदका आवरून छाती फुगवतो, आणि तुम्ही माझ्या पाठीवर तळवा ठेवता. ‘‘घेतोस काय नुसता? आधी सोड. भरल्या घागरीत कोण ओततं?’’ तुम्ही मला हात लावल्याचे प्रसंग फार नाहीत, म्हणून तळव्याचा तो दाब नेमका आठवतो. तुम्ही तेव्हा माझ्या आजच्या वयाचे होता, हे मात्र माझ्या आताच लक्षात आले.

रविवारी पहाटे मी मंत्र टाकला, मोजणे टाकले, रोखणेही टाकले. आधी सोडला. बराच वेळ नुसता सोडतच होतो असे वाटले. सुतक शास्त्राप्रमाणे केव्हाच फिटले होते, तेव्हा हे नियमात बसत नाही, याची मला जाणीव आहे.

सोमवारी मास्क बांधून आत गेलो. गळ्यापाशी श्वास अडला, तेव्हा घेण्याची धडपड न करता मी तो सोडला. पुन्हा सोडला. मग तो आपोआप खाली उतरला. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा आत गेलो, तेव्हा मोशीची बाई शेजारणीला म्हणाली, ‘‘सायेब आतच बसलं बरं का आज. आता आपल्याला गप्पा बंद.’’ शेजारीण म्हणाली, ‘‘तोंड बांदलं तरी तू गप्प व्हतीस व्हय?’’ सगळ्या मास्कच्या आत हसल्या. पाळी संपली. वरिष्ठांनी दारात केवळ मान डोलावली. खोली माझ्याकडे राहिली.

हे कळवण्यासाठी लिहायला घेतले होते आणि ते इथे संपायला हवे होते. पत्र पाठवण्याचा प्रश्नच नाही, म्हणून पुढचेही लिहितो. त्या संध्याकाळी वसाहतीच्या रस्त्याने मी नेहमीसारखा चालत आलो. जिना चढलो, कुलूप काढले, श्वास सरळ चालला होता. आनंद झाला नाही. तिच्यासाठी मी रडलो नव्हतो. तिच्या जाण्याने माझ्यात जे बिघडले होते ते एवढेच होते, आणि ते मी प्रयत्नपूर्वक दुरुस्त केले होते. आईच्या वेळी तुमचेही असे झाले होते का, हे विचारण्याइतकी आपली सलगी कधी नव्हती.

मंगळवारी पहाटे मी प्राणायामाला बसलो नाही. धाप परत येते का, याची वाट पाहत अंथरुणावर पडून राहिलो. ती आली नाही.