ओवाळणीची होडी

दिंद्रुड,
८ ऑक्टोबर २०२५

ती. वत्सलाअक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन तुमच्या भावाच्या खिशात असतो, म्हणून पत्र. इकडे सर्व क्षेम, म्हणजे ते अजून बुडालेले नाहीत.

नौदलात त्यांनी शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत ढाली मिळवल्या. निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी ते वारं अंगातून उतरत नाही. दर रविवारी माजलगावच्या धरणावर शर्यत. होड्या दोनच: एक यांची, दुसरी माझ्या अभिमन्यूदादाची. दोघं मेहुणे पाण्यातल्या पिवळ्या डब्याला वळसा घालून येतात आणि मुलूख जिंकल्यासारखे चहा पितात. मागच्या रविवारी यांची होडी उलटली. मासेमारांनी बाहेर काढलं. घरी येऊन सांगितलं काय, तर दुसरा नंबर आला! हृदयात स्टेंट घातलेला माणूस, अक्का. हसता हसता मला रडू आलं.

भाऊबीजेला बहीण मागेल ते ताटात घालायचं, ही तुमच्या घरची रीत. यंदा होडी मागा. तुम्हाला ते नाही म्हणत नाहीत. त्यांचं ‘नाही’ माझ्यासाठी राखून ठेवलंय.

लोभ असू द्या आणि भाऊ कोरडा राहू द्या.
तुमची दीपमाला

दिंद्रुड,
२ नोव्हेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

ओवाळणी नीट पोचली का, हे विचारायची सोय नाही. ती इथंच धरणाच्या काठावर उपडी पडलीय. ताटात मी होडीच्या दोरीचं टोक ठेवलं, तेव्हा वाटलं तू हसशील. तू ते पदराला बांधलंस. असो, शब्द दिला तो दिला. पण घाटनांदूरला ती ठेवणार कुठं? मेंढरांच्या हौदात? हा डाव कुणाचा तेही कळलंय. आमच्या घरात सुकाणू कुणाच्या हातात, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

अभिमन्यू आता एकटाच फिरतो. पहिला तोच, शेवटचाही तोच. पाण्यातून ओरडतो की दाजी, लई वारं हाय, कावून बसलाव काठावर? मी तोंड फिरवतो. खरं सांगू? वारं सुटलं की हात दोरी शोधतात, आणि घरात सापडते ती कपडे वाळत घालायची. जीव लागत नाही, अक्का.

मालकिणीची मर्जी राहावी.
तुझा भगवान

घाटनांदूर,
९ नोव्हेंबर

चि. सौ. दीपमालास,
अनेक आशीर्वाद.

तुझं काम केलं, पण भगवानचं पत्र आल्यापासून घास गोड लागत नाही.

लहानपणी आम्ही सिंदफणेकाठी मेंढरं राखायचो. हा वाळल्या भोपळ्यांवर फळी बांधायचा, आबांचं घोंगडं शीड म्हणून लावायचा आणि निघायचा. पाणी सगळं त्याचं, मेंढरं सगळी माझी. पुढच्या खेपेला तुला नेतो म्हणायचा. म्हातारी झाले, ती खेप काही आली नाही. घोंगडं भिजल्याचा मार मात्र मला बसला.

आता होडी माझी आहे. रविवारी परळीवरून एसटीनं येते. दोन लाइफ जॅकिटं आणून ठेव. त्यानं घातलं नाही तर होडी सुटणार नाही, हा मालकिणीचा हुकूम. रागावू नकोस. त्याला बाहेर काढ म्हणालीस आणि मीच आत चालले.

माया पातळ करू नकोस.
तुझी अक्का

दिंद्रुड,
२५ नोव्हेंबर

ती. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून हे सांगतात की त्या रविवारची शर्यत अक्काच्या वजनामुळं हरलो. तुम्ही म्हणत होता, तो वेळेवर वळलाच नाही. जाकीट मात्र त्यांना आता घरातही काढवत नाही.

त्या दिवशी मी काठावर रागानं उभी होते. तुम्हा बहीणभावांचं हसणं तिथपर्यंत ऐकू येत होतं. एवढ्या संसारात त्यांचं तसलं हसणं मी ऐकलं नव्हतं. मला हेवा वाटला.

तरी मी हार मानली नाही. समोर दुसरी होडीच नसली तर शर्यत कसली? दादाकडं माझी ओवाळणी राहिली होती. साडी नको, होडी दे म्हटलं. बिचाऱ्यानं दिली. काल ताब्यात घ्यायला धरणावर गेले, तर म्हणाला, आधी बसून तर बघ. बसले.

अक्का, हे असं असतं, हे तुमच्या भावानं मला इतकी वर्षं का सांगितलं नाही?

येत्या रविवारी या. तुमचं जाकीट वाळवून ठेवलंय. मी माझं वेगळं घेतलंय. त्यांना सांगू नका, पिवळ्या डब्याजवळच कळू द्या.

लोभ काठावर असू द्या; पाण्यात कुणी कुणाचं नाही.
तुमची दीपमाला